नोंद चौथी : विंडोजच्या पार्टिशनवरचा रेपो आणि ‘न सापडणारी’ फाइल

भोरकडच्या वाचनालयासाठी चाललेल्या लॅपटॉपची ही पुढची नोंद. लॅपटॉप भाच्याचा जुना, ड्युअल बूट. विंडोज काढायचं नाही, कारण वाचनालयाचा हिशेब त्यावरच ठेवतात. शेजारी डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण) बसवलंय. तिथे नेट जेमतेम फोनपुरतं आणि पावसाळ्यात तेही जातं, म्हणून लागणारी पॅकेजं पुण्यातच उतरवून डी ड्राइव्हवर ठेवायची आणि ॲप्टला (डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) तोच फोल्डर सोर्स म्हणजे रिपॉझिटरी, थोडक्यात रेपो, म्हणून द्यायचा, असा बेत आहे. डी ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत) आहे. तिथे जागा भरपूर आहे आणि विंडोजमधूनही नवी पॅकेजं टाकता येतात.

शनिवारी सकाळी धायरीला घरी बसलो. फोल्डरच्या आत जाऊन डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस चालवलं आणि पॅकेजेसची यादी तयार केली. (आत जाऊनच चालवा. बाहेरून चालवलं तर यादीतले पत्ते चुकतात आणि ॲप्ट भलतीकडेच शोधत बसतं.) मग सोर्सेस लिस्टमध्ये (ॲप्टने पॅकेजं कुठून घ्यायची त्याची यादी) ओळ लिहून अपडेट केलं. उत्तर आलं, या रिपॉझिटरीला रिलीज फाइल (भांडारातल्या याद्यांची माहिती आणि पडताळणीचे आकडे ठेवणारी) नाही.

इथे माझा अख्खा दिवस गेला. पार्टिशनचं नाव विंडोजने दिलेलं तेच होतं, ‘न्यू व्हॉल्यूम’, आणि फाइल मॅनेजरने ते मीडिया या फोल्डराखाली त्याच नावाने माउंट केलेलं (म्हणजे जोडलेलं). मधल्या रिकाम्या जागेने घोळ केला. सोर्सेस लिस्टच्या ओळीत ॲप्ट रिकाम्या जागेवर शब्द तोडतं. म्हणजे ‘न्यू’ इथे पत्ता संपला, ‘व्हॉल्यूम’पासून पुढचं सगळं वितरणाचं नाव झालं आणि शेवटचं टिंब-स्लॅश झालं कंपोनंट. पण चूक सांगणाऱ्या संदेशात ॲप्ट पत्ता आणि वितरण मध्ये एक जागा सोडूनच छापतं. त्यामुळे पडद्यावर दिसणारा मार्ग हुबेहूब बरोबर वाटतो! मी तो संदेश कितीतरी वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी ‘पत्ता तर बरोबर आहे’ म्हणून रिलीज फाइलच्या मागे लागलो. रिकाम्या जागेऐवजी टक्का-वीस लिहिलं की भागतं. तरी माझं मत, नावात जागा ठेवूच नका. पार्टिशनचं नाव मी ‘भांडार’ केलं, तेही रोमन लिपीत, एका शब्दात.

ते सुधारलं तर पुढचा संदेश आला, फाइल सापडली नाही.

भाचा शेजारीच बसला होता. म्हणाला, “मामा, फाइल तर दिसतेय की! हे बघा, मी उघडली पण.” खरंच दिसत होती. मलाही दिसत होती, रूटलाही (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) दिसत होती. पण ॲप्ट आता सगळं रूट म्हणून करत नाही. पॅकेजं आणण्याचं काम ते ‘अंडरस्कोर ॲप्ट’ नावाच्या वेगळ्या, कमी अधिकारांच्या वापरकर्त्याकडे सोपवतं. आणि फाइल मॅनेजरमधून माउंट केलेली पार्टिशन मीडियाखाली ज्या फोल्डरात येते, तो फोल्डर फक्त लॉगिन केलेल्या माणसालाच उघडतो. अंडरस्कोर ॲप्ट दारातच अडतो, आणि संदेश मात्र येतो फाइल नसल्याचा. हे ओळखायला दोन गोष्टी कामी आल्या. सूडू वापरून त्या वापरकर्त्याच्या नावाने एलएस (फोल्डरातल्या फाइली दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं, लगेच परवानगी नाकारली. मग नेमआय ही कमांड एल पर्यायासह चालवली. ती मार्गातल्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दाखवते आणि नेमकी कुठली पायरी बंद आहे ते क्षणात कळतं. माझ्या मते रेपोचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ती यायलाच हवी.

इथे सीएचमॉडचा (परवानग्या बदलणारी कमांड) उपयोग नाही. असं साध्या पद्धतीने माउंट केलेल्या एनटीएफएसवर परवानग्या माउंट करतानाच ठरतात. म्हणून एफस्टॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणारी फाइल) यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या ओळख-क्रमांकाने, ओळ लिहिली. माउंटची जागा मीडियाबाहेर, एसआरव्ही या फोल्डराखाली. कुठल्या परवानग्या काढायच्या ते सांगायला फोल्डरांसाठी डीमास्क ०२२, फाइलींसाठी एफमास्क १३३, सोबत नोफेल (पार्टिशन जोडलं गेलं नाही तरी सुरू होणं अडू नये म्हणून), आणि आरओ (फक्त वाचण्यापुरतं). ॲप्टला इथून फक्त वाचायचं आहे, मग लिहिण्याची मुभा कशाला?

रविवारी अपडेट सुरळीत झालं. पण भाच्याने रात्री विंडोजमधून टाकलेली मराठी फॉन्टची आणि लिबरऑफिसची पॅकेजं डेबियनला दिसेनात. हे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं निजतं, आणि पार्टिशनची माहिती त्याच्या कॅशमध्ये अडकून राहू शकते. वाचण्यापुरतं माउंट असल्याने तक्रारही आली नाही, जुनंच चित्र दिसत राहिलं. विंडोजमध्ये ‘रीस्टार्ट’ करून डेबियनमध्ये आलो तर सगळं हजर. मग विंडोजच्या पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेशनच बंद केलं, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं.

फाइलींच्या नावांचंही पाहून ठेवलं. गिटसारख्या पॅकेजच्या आवृत्तीत १:२.३९ असा अपूर्णविराम असतो आणि विंडोजला तो फाइलच्या नावात चालत नाही. ॲप्ट आपल्या कॅशमध्ये त्या जागी टक्का-तीन-ए लिहितं. डेबियनच्या मूळ भांडारात मात्र नावात तो सुरुवातीचा आकडाच नसतो. मीही तेवढ्यापुरतं लिहिता येईल असं माउंट करून तशीच नावं केली आणि यादी पुन्हा बनवली.

सध्या सोर्सच्या ओळीत चौकटी कंसात ‘ट्रस्टेड यस’ (सही न तपासता विश्वास ठेव) आहे. हे मला खटकतं. पॅकेजं मीच गोळा केली असली तरी डिस्कवर कोणी काय बदललं हे त्यातून कळणार नाही. पुढच्या शनिवारी रिलीज फाइल बनवून स्वतःच्या किल्लीने सही करतो. त्यानंतर पायथनच्या साध्या एचटीटीपी सर्व्हरवरून हाच फोल्डर वाचनालयातल्या बाकी तीन लॅपटॉपना द्यायचा आहे. त्यासाठी लागणारा छोटा नेटवर्क स्विच पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून ठेवलाय.