बशी, सुतळी आणि सोळा गाठी

आबांचे गुडघे धरलेत. गेली तीन वर्षं ते रोज सकाळी साडेसहाला परसातल्या पोहण्याच्या तलावात उतरतात, उथळ बाजूला कठड्याला धरून वीस मिनिटं पाण्यात चालतात, आणि मग दिवसभर जिना चढता-उतरता येतो. त्यामुळे तलावाचं पाणी ही आमच्याकडे हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

आम्ही सगळे अठरा दिवस बाहेर होतो. पंप टायमरवर रोज दोन तास, आणि तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या भरलेल्या. परत आलो तर शिडीची दुसरी पायरी दिसेना. चुना कालवून त्यात थोडा हिरवा रंग टाकावा, तसं पाणी. आबा टॉवेल खांद्यावर घेऊन काठाशी उभे राहिले आणि काही न बोलता आत गेले.

तळ दिसत नसेल तर पाण्यात कुणीही उतरायचं नाही, हा आमच्याकडे पक्का नियम आहे. गढूळ पाण्यात माणूस तळाशी गेला तर काठावरच्याला तो दिसतच नाही. जंतूंचा विचार त्यानंतरचा.

पहिले दोन दिवस मी वाया घालवले. पाणी नितळ करणारं द्रावण ओतलं, फरक पडेना म्हणून परत ओतलं. ते प्रमाणाबाहेर गेलं की कण एकत्र यायच्या ऐवजी तसेच तरंगत राहतात, पाणी आणखी धूसर होतं. भरीला दिवसातून दोनदा बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, करत होते. सँड फिल्टरमधली वाळू थोडी मळलेली असते तेव्हाच बारीक कण जास्त चांगले अडवते. मी ती सारखी धुऊन काढत होते. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब लक्षात ठेवायचा आणि काटा त्याच्या साधारण अर्धा बार वर गेला की मगच बॅकवॉश करायचा. आमचा ०.८ वर असतो, म्हणजे १.३ होईपर्यंत हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी डोकं शांत करून दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे बशी. एका पांढऱ्या बशीला सुतळी बांधली, दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारली आणि खोल बाजूला ती पाण्यात सोडली. चौथ्या गाठीला बशी नाहीशी झाली. अँजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता अशीच मोजली होती, आणि सरोवरांचा अभ्यास करणारे आजही तीच पद्धत वापरतात. आपला तलाव केवढासा, पण ‘आज जरा बरं वाटतंय’ असं म्हणण्यापेक्षा ‘आज सहा गाठी’ म्हणता येणं फार मोलाचं असतं.

दुसरी गोष्ट, पाण्याची पूर्ण तपासणी. त्याआधी तलावात पाणी किती ते काढलं: आठ मीटर लांब, चार रुंद, एका टोकाला ०.९ आणि दुसऱ्या टोकाला १.६ मीटर खोल, म्हणजे सरासरी १.२५. चाळीस हजार लिटर. हा आकडा माहीत नसेल तर पुढचं प्रत्येक माप अंदाजपंचे. तपासणीत पीएच ७ आला, अल्कलिनिटी (पीएचला स्थिर ठेवणारा क्षारपणा) ६० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत साठ भाग, कॅल्शियमचा कठीणपणा २५०, मोकळा, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन दीड. पीएच चढा आणि कॅल्शियम जास्त असेल तर चुनाच बाहेर पडून पाणी पांढरं होतं. इथे तसं नव्हतं. क्लोरीनही कागदावर ठीकच दिसत होता.

मग क्लोरीनला टिकवणारं सायन्युरिक ॲसिड मोजलं. ही तपासणी मला मनापासून आवडते. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. औषध मिसळून ढगाळ झालेला नमुना थेंब थेंब ओतत वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा होतो त्या उंचीवर जो आकडा असेल तो वाचायचा. माझा ठिपका १०० च्या रेघेपर्यंत पाणी पोचायच्या आधीच गेला, म्हणजे १०० च्या वर काहीतरी. नमुन्यात निम्मं नळाचं पाणी घालून परत केलं. ५५ आले, दुप्पट ११०.

दुखणं इथे होतं. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला उन्हापासून जपतं, म्हणून ३० ते ५० पर्यंत ते हवंच. पण ते क्लोरीनला धरूनही ठेवतं. जितकं जास्त, तितका क्लोरीन मंद. मोकळा क्लोरीन सायन्युरिकच्या साधारण साडेसात टक्के तरी असावा, असा तलाव राखणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ११० ला आठ पीपीएम लागतो, माझ्याकडे दीड. शेवाळाला रान मोकळं. आणि हे ॲसिड आलं कुठून, तर त्या गोळ्यांतूनच. गोळ्यांनी पाण्यात दहा पीपीएम क्लोरीन घातला की सुमारे सहा पीपीएम सायन्युरिकही येतं. क्लोरीन खर्च होतो, ते मागे राहतं. त्याला सरळ उपाय एकच, पाणी बदलणं.

निम्मं पाणी काढलं, तेही दोन टप्प्यांत. तलाव पूर्ण रिकामा करायचा नसतो. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामं भांडं खालून उचललं जाऊन तडकू शकतं. नवीन पाणी भरल्यावर सायन्युरिक ५५, पीएच ७.२, अल्कलिनिटी ७०. पीएच तसाच ठेवला. सायन्युरिक नसलेल्या साध्या पाण्यात ७.५ पीएचला निम्मा क्लोरीन कामाच्या रूपात असतो, आणि ८ ला जेमतेम पाव, म्हणून जोराचा मारा करताना पीएच खालीच बरा.

सूर्य मावळल्यावर दहा टक्क्यांचा आठ लिटर लिक्विड क्लोरीन, पंप चालू ठेवून, पाणी परत येतं त्या तोंडापुढे हळूहळू ओतला. वीस पीपीएमचा हिशेब. भिंती, कोपरे, शिडीच्या मागची जागा ब्रशने घासली. (क्लोरीन आणि पीएच उतरवायचं ॲसिड एकाच मापात किंवा एकाच कपाटात कधीही नको, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. आणि ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.)

तासाभराने नमुना घेतला. क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणारी तपासणीची गोळी टाकताच ते क्षणभर गर्द गुलाबी झालं आणि बघता बघता रंग उडून गेला. स्वच्छ, बिनरंगी. म्हणजे क्लोरीन शून्य? मी दुसरा कॅन उघडायला निघाले होते, तेवढ्यात तो क्षणभराचा गुलाबी आठवला. क्लोरीन फार जास्त असला की तो रंगच जाळून टाकतो. एक भाग तलावाचं पाणी आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर घेऊन परत तपासलं: चार, म्हणजे वीस. घरी तपासणी करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

सकाळी तेरा उरला होता. रात्री ऊन नसतं, म्हणजे सात पीपीएम शेवाळानं आणि मळानं खाल्ला. संध्याकाळी परत वीसवर नेला. चौथ्या रात्रीत एक पीपीएमपेक्षा कमी घटला, आणि जोडलेला (घाम-मळाशी जोडला गेलेला) क्लोरीनही अर्ध्या पीपीएमच्या खाली आला. तलावाचा जो उग्र वास आपण ‘क्लोरीनचा’ म्हणतो तो याच जोडलेल्या क्लोरीनचा असतो. वास गेला होता.

हिरवी छटा केव्हाच गेली होती, पण पाणी अजून धुरकटच. मेलेलं शेवाळ काही आपोआप नाहीसं होत नाही, ते गाळावं लागतं. आमचा पंप तासाला आठ हजार लिटर फिरवतो, म्हणजे पाच तासांत एक फेरी. पण गाळलेलं पाणी परत त्याच पाण्यात मिसळतं, त्यामुळे एका फेरीत साधारण ६३ टक्केच पाणी खरोखर फिल्टरमधून जातं, तीन फेऱ्यांनी ९५. रोज दोन तासांत काय होणार होतं! पंप रात्रंदिवस चालू ठेवला.

“आज किती गाठी गं?” आबा रोज सकाळी खिडकीतून विचारायचे. सहा. सात. परत सात, त्या दिवशी मला रडूच आलं. बघितलं तर दाबाचा काटा १.३ ला टेकला होता. बॅकवॉश केला, आणि दुसऱ्या दिवशी अकरा. मग चौदा.

क्लोरीन दहाच्या खाली आल्यावरच पीएच परत मोजला, कारण त्याच्या वर पीएच दाखवणाऱ्या फिनॉल रेडचा रंग फसवा असतो. अल्कलिनिटी १०० करायला दोन किलो खायचा सोडा बादलीत विरघळवून घातला. पीएच ७.४ ला स्थिरावला.

बाराव्या दिवशी बशी तळाला टेकली. सोळावी गाठ पाण्याच्या पातळीवर आली, आणि बशीच्या कडेची बारीक निळी रेघ काठावरून स्पष्ट दिसत होती. आबांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, मग माझ्या हातातली सुतळी घेऊन स्वतः एकदा बशी वर ओढली, परत सोडली. क्लोरीन पाचवर होता. टॉवेल कठड्यावर ठेवून ते शिडी उतरले, आणि तिसऱ्या पायरीवर थांबून बराच वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत राहिले.

आता गोळ्या फक्त आम्ही बाहेरगावी जाणार असू तेव्हा. एरवी रोज संध्याकाळी पाऊण-एक लिटर लिक्विड क्लोरीन, पंप आठ तास, आणि महिन्यातून एकदा तो काळा ठिपका.