बेळगाव ते हिडकल: पिकअपवर कॅनू बांधून नेताना

दिवाळीच्या सुमारास हिडकल धरणाला पाणी भरपूर असतं. बेळगावहून काकती, वंटमुरी घाट, यमकनमर्डी करत हत्तरगीच्या बाजूने उजवीकडे धरणाकडे वळायचं, पन्नासेक किलोमीटर. वाट सोपी आहे, बांधणी मात्र नीट हवी.

कॅनू म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद, उघडी होडी. आपली सोळा फुटी, म्हणजे ४.८८ मीटर, वजन तीसेक किलो. गाडी बोलेरो पिकअप. सर्रास होणारी चूक म्हणजे एक आडवा पाईप केबिनच्या टपावर आणि दुसरा हौद्यावर. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसवलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की दोन्ही आपापल्या परीनं हलतात, मधल्या मधे कॅनूला पीळ बसतो. पट्टे सैल पडतात आणि फायबरच्या कॅनूला काठाशी बारीक तडे जातात.

म्हणून दोन्ही आधार हौद्यावरूनच घ्या. मागचा फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ. पुढचा केबिनमागच्या जाळीवर ठेवून भागत नाही, कारण कॅनूचा तोल जाळीच्या आसपासच येतो आणि नाक बॉनेटकडे झुकतं. जाळीपासून पुढे दोन फूट लांबीचे लोखंडी हात काढून, खाली तिरका टेकू देऊन त्यावर पाईप बसवायचा. टपापासून चार इंच मोकळे हवेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्याला दीड इंची चौकोनी पाईप सांगा, बाकी त्याला कळतं.

नाक बंपरच्या पुढे आणि शेपूट फाळक्याच्या मागे जाऊ देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेर आलेल्या मालाला २० हजार रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. बांधण्याआधी टेप लावून बघा.

कॅनू पालथी ठेवायची. पाईपला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा आणि काठाला बाहेरून चिकटतील असे लाकडी गुटके बोल्टने बसवा. कॅनू बाजूला सरकत नाही ती गुटक्यांमुळे, पट्ट्यांमुळे नव्हे. पट्टे इंचभर रुंद, पंधरा फुटी, दाबाच्या बकलचे, प्रत्येक पाईपावर एक. पट्टा पाईपालाच, काठाला लागून बांधा. खाली हौद्याच्या हुकापर्यंत नेला की तिरका पडतो आणि ढिला होतो. रॅचेट, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचं बकल, नकोच, हाताला ताण कळत नाही. उन्हात तापून मऊ झालेल्या प्लॅस्टिकच्या कॅनूला त्यानं पोचा पडतो. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर साठच्या पुढे तो घुमायला लागतो. कॅनू धरून हलवली की गाडीच हलली पाहिजे.

आता नाकाच्या दोऱ्या. समोरून भरधाव ट्रक गेला की वारा नाकाखाली शिरतो, तेव्हा याच कामी येतात. आठ मिलिमीटरच्या दोन पॉलिस्टर दोऱ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, बंपरखालच्या टोइंगच्या कड्यांना. प्लॅस्टिकच्या बंपरला कधीच नाही. टेंपोवाले ताडपत्री आवळायला मारतात तीच गाठ: दोरीत मध्ये फास काढा, टोक कड्यातून वर आणून फासातून ओवा, खाली ओढा, दोन अर्ध्या गाठी मारा. दोरीतली ढील जाईल एवढंच ओढा. जास्त आवळली तर नाक खाली वाकतं. मागे एक दोरी पुरते. सुटी टोकं गुंडाळून खोचा, चाकात गेलं तर सगळंच ओढून नेईल.

काकतीला थांबून पट्टे तपासा, पहिल्या दहा किलोमीटरात ते बसून थोडे सैल पडतात. घाट उतरल्यावर पुन्हा. वेग साठच्या आत. हमरस्ता सोडल्यावर हंप्स आणि उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस कॅनूला घासतो, तेव्हा ओव्हरटेक करताना हातभर जास्त अंतर ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी धरणावर परवानगीची चौकशी करा. काठावर वारा असेल तर गाडी वाऱ्याच्या तोंडाला लावा. आधी दोऱ्या सोडा, मग मागचा पट्टा, शेवटी पुढचा, आणि तो सोडताना दुसऱ्यानं कॅनू धरलेली असू दे. परतीला आतलं पाणी पुरतं ओता. नायलॉनची दोरी वापरलीच असेल, तर भिजल्यावर ती ताणते, तेव्हा हत्तरगीला पुन्हा उतरून आवळावी लागेल.