लहान चणीच्या कुत्रीची नसबंदी : आमचा निर्णय

आमची चिंगी जेमतेम चार किलो वजनाची आहे आणि आता ती वयात येऊ लागली आहे. लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये पहिला माज साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यादरम्यान येतो, त्यामुळे तिची नसबंदी करायची की नाही, आणि करायची तर केव्हा, हा प्रश्न लांबणीवर टाकणे आम्हाला शक्य नव्हते. मिळणारे सल्ले मात्र एकमेकांशी जुळत नव्हते. कोणी दीड-दोन वर्षे थांबायला सांगत होते, कोणी पहिल्या माजाआधीच उरकून घ्या म्हणत होते, तर कोणाचा आग्रह होता की एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत.

थांबण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तो प्रामुख्याने मोठ्या कुत्र्यांसाठी आहे. हाडांची लांबी वाढणे थांबवण्यात लैंगिक संप्रेरकांचा वाटा असतो. ती लवकर नाहीशी झाली, तर हाडे थोडी अधिक काळ वाढत राहतात, आणि लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा जातींमध्ये लवकर केलेल्या नसबंदीनंतर सांध्यांचे विकार वाढल्याचे आढळले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2020 साली 35 जातींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा लहान जातींमध्ये सांध्यांच्या विकारांची अशी वाढ त्यांना दिसली नाही. अमेरिकेतील पशुरुग्णालयांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही याच भेदावर उभी आहेत : पूर्ण वाढीनंतर ज्यांचे वजन सुमारे वीस किलोच्या आत राहील, अशा मादीची शस्त्रक्रिया पहिल्या माजाआधी आणि नराची सहाव्या महिन्याच्या सुमारास करावी, असे त्यांत म्हटले आहे. शस्त्रक्रियेनंतर काही माद्यांना लघवीवर ताबा राहत नाही, पण तो त्रासही अधिक करून मोठ्या कुत्र्यांमध्येच आढळतो.

माझ्या मनात पारडे झुकले ते गर्भाशयात पू होण्याच्या आजारामुळे, म्हणजे पायोमेट्रामुळे. प्रत्येक माजानंतर, गर्भ राहिलेला असो वा नसो, कुत्रीच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, गर्भाशयाचे आकुंचन मंदावते आणि आत शिरलेल्या जीवाणूंना वाढायला आयती जागा मिळते. माज वर्षातून साधारण दोनदा येतो, त्यामुळे हा धोका वयाबरोबर साचत जातो. स्वीडनमधील विम्याच्या नोंदींनुसार नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी साधारण एक चतुर्थांश माद्यांना दहाव्या वर्षापर्यंत हा आजार होतो. पाणी फार पिणे, अन्न सोडणे, उलट्या, मरगळ ही त्याची लक्षणे आहेत. गर्भाशयाचे मुख बंद असेल, तर बाहेर स्राव दिसत नाही आणि निदान व्हायला उशीर होतो. यावरचा मुख्य उपाय म्हणजे गर्भाशय व अंडाशय काढून टाकणे. जी शस्त्रक्रिया आज निरोगी शरीरावर शांतपणे करता येते, तीच मग उतारवयात, विष अंगात भिनलेले असताना, घाईने करावी लागते. हे समजल्यावर माझ्यापुरता ‘करायची की नाही’ हा प्रश्न सुटला.

स्तनांच्या गाठींचा मुद्दाही नेहमी पुढे केला जातो. 1969 च्या एका अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हा धोका, नसबंदी न केलेल्या माद्यांच्या तुलनेत, केवळ 0.5 टक्का उरतो असे आढळले होते. पुढे 2012 साली अशा अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नसल्याचे दिसले. म्हणून मी त्यावर सगळी भिस्त ठेवलेली नाही.

एकदा पिल्ले होऊ देण्याने मादीच्या आरोग्याला काही लाभ होतो, याला आधार नाही. उलट इतक्या लहान चणीच्या कुत्रीची कटी अरुंद असते, पिल्लाचे डोके त्या मानाने मोठे असते, आणि प्रसूती अडून पोट उघडण्याची वेळ येऊ शकते.

खरी भीती वाटत होती ती भुलेची. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये भुलेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण सुमारे 0.05 टक्के आढळले होते. लहान शरीराची ऊब मात्र लवकर निघून जाते आणि रक्तातील साखरही चटकन उतरते. म्हणून आम्ही पशुवैद्यांना स्पष्ट विचारले : आधी रक्ततपासणी होईल का, किती तास उपाशी ठेवायचे, अंग उबदार ठेवण्याची सोय आहे का, भूल दिल्यावर श्वास आणि नाडीवर सतत लक्ष ठेवायला वेगळी व्यक्ती असेल का, आणि वेदनाशामक किती दिवस द्यायचे. त्यांनी न कंटाळता उत्तरे दिली आणि न पडलेले दोन दुधाचे दातही त्याच वेळी काढण्याचे सुचवले.

नर असता तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. वृषण पोटातच राहिला असेल, तर तेथे कर्करोगाचा धोका बराच वाढतो, म्हणून तो काढायलाच हवा. एरवी नसबंदीने प्रोस्टेट सुजण्याचा त्रास टळतो आणि घरभर मूत्राच्या खुणा करणे बहुधा कमी होते, परंतु मुळात भित्र्या असलेल्या नराचे भय त्याने जाईलच असे नाही, काही वेळा ते वाढतेही. अशा वेळी संप्रेरके तात्पुरती दाबणारे, त्वचेखाली बसवायचे औषध उपलब्ध असेल, तर आधी त्याचा परिणाम पाहणे मला अधिक रास्त वाटते.

चिंगीची शस्त्रक्रिया पहिल्या माजाआधी करण्याचे ठरले आहे. त्याआधीच माज आला, तर तो संपल्यावर दोन-तीन महिने थांबू, कारण त्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि खोटी गर्भावस्थाही येऊ शकते. नसबंदीनंतर शरीराची उष्मांकांची गरज साधारण 20 ते 30 टक्क्यांनी घटते, आणि चार किलोच्या जिवावर चढलेले अर्धा किलो म्हणजे त्याच्या वजनाचा आठवा भाग. त्यामुळे टाके भरल्यापासून तिचे खाणे अंदाजाने न वाढता मोजून द्यायचे आणि दर महिन्याला वजन करायचे, हेही आम्ही पशुवैद्यांशी बोलून आधीच ठरवून ठेवले आहे.