ढिगाऱ्यावर आधी गवत: आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात उघड्या कोळसा खाणीजवळ राहणाऱ्या माणसाला डोंगर कुठे आहे असे विचारले, तर तो बहुधा ओबीच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवील. कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची काळी माती, मुरूम, वालुकाश्म आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला थरांचा खडक) उकरून बाजूला टाकावे लागते. कागदावर त्याला 'ओव्हरबर्डन' म्हणतात आणि आमच्याकडे लहान मुलेसुद्धा 'ओबी' म्हणतात. या ढिगाऱ्यांवर इथलीच गवते, झुडपे आणि झाडे पुन्हा उभी करणे हा आज आमचा व्यवसाय आहे. एक रोपवाटिका, बियाण्याची एक खोली, नऊ कायम माणसे आणि हंगामात आसपासच्या गावांतून येणाऱ्या तीस-चाळीस स्त्रिया एवढाच आमचा पसारा आहे.

सुरुवातीला आम्ही बांधावर लावायचा साग, बांबू, लिंबू आणि अंगणातली शोभेची झाडे विकत होतो. ढिगाऱ्यावरचे पहिले काम एका ठेकेदाराच्या हाताखाली मिळाले. बारा हजार रोपे पुरवायची आणि लावायची होती. यादी त्यांचीच होती: सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि रस्त्याच्या कडेला थोडा गुलमोहर. जुलैत लागवड झाली, ऑगस्टमध्ये हिरव्यागार रोपांची छायाचित्रे काढून मोजणी झाली आणि आमचे बिलही निघाले. पुढच्या जूनमध्ये मी सहज म्हणून पाहायला गेलो, तेव्हा दहातले एखादे रोप जिवंत होते. कुणीही तक्रार केली नव्हती, कारण मोजणी ऑगस्टमध्येच संपली होती. कागदोपत्री ते काम आजही यशस्वी आहे, आणि पैसे घेणाऱ्यांत आम्हीही होतो.

रोपे का मेली, हे समजायला मात्र दोन उन्हाळे गेले. डंपरच्या चाकांनी ढिगाऱ्याचा माथा इतका दाबलेला असतो की ४५ सेंटिमीटरचा खड्डा पावसाळ्यात बादलीसारखा भरून राहतो आणि मुळे कुजतात; उतारावर उलट घडते, पाणी थांबतच नाही आणि जाताना बारीक माती घेऊन जाते. त्या मालात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतो, मुळांना साथ देणारी बुरशी आणि जिवाणू नसतात, आणि काळे शेल मे महिन्यात असे तापते की कोवळ्या रोपाचे खोड जमिनीलगतच भाजते. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सावलीत मोजलेला हा पारा उघड्या शेलची खरी उष्णता सांगत नाही.

त्याच ढिगाऱ्याच्या एका बगलेत, जिथे वरच्या थराची काळी माती चुकून टाकली गेली होती, तिथे कुणी न लावता कुसळी गवत आले होते आणि त्यात हिवराची आणि पळसाची रोपे उभी होती. तिथे गुरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना मी आमची मेलेली रोपे दाखवली. ते म्हणाले, "पोरा, आधी गवत तं धरू दे, मंग झाडाचं पाहू." पुढच्या सगळ्या कामाची दिशा या एका वाक्याने बदलली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

गवताचे बी मात्र बाजारात मिळत नव्हते. कुसळी, पवना, मारवेल, तिखाडी यांचे बी दिवाळीच्या आगेमागे पिकते आणि वाऱ्याने पाहता पाहता झडून जाते, त्यामुळे विळ्याने लोंब्या खुडण्यासाठी हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. कुसळीचे बी कपड्यात आणि कातडीत रुतते. पहिल्या वर्षी ते गोळा करणाऱ्या स्त्रियांनी दुसऱ्या दिवशी यायला साफ नकार दिला होता, आणि तो योग्यच होता. जाड गोणपाटाचे एप्रन शिवून दिल्यावर काम पुढे सरकले. हे बी हलके आणि केसाळ असल्याने हाताने फेकले तर वाऱ्यावर जाते. म्हणून ते माती आणि शेणात मळून त्याच्या गोळ्या करतो आणि पहिल्या दमदार पावसाच्या आधी समपातळीत काढलेल्या बारीक चरांत टाकतो. मारवेलचे आम्ही ठोंब (मुळांसकट काढलेले तुकडे) लावतो, कारण ठोंब बियांपेक्षा खात्रीने धरतात. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा असे सहसा लिहिलेले असते; तो तसा असेल तर गवत एका पावसाळ्यात माती धरते, नसेल तर आम्ही काम घेत नाही.

झाडांच्या बियांचे वेळापत्रक निराळे आहे. मोहाचे, पळसाचे आणि कडुनिंबाचे बी फार काळ टिकत नाही, त्यामुळे ते पडले की लगेच पेरावे लागते. बाभळीच्या बियांचे कवच टणक असते. शेळ्यांना शेंगा खाऊ घालून त्यांच्या बसण्याच्या जागेतून जमा केलेले बी चांगले उगवते, म्हणून तीन शेळीपालकांशी आमचा दरवर्षीचा व्यवहार ठरलेला आहे. खैर, हिवर, करंज आणि बाभूळ यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येतात, म्हणून झाडांत पहिला मान त्यांना. प्रत्येक पिशवीत आम्ही त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची मूठभर माती घालतो. ही आमची युक्ती नव्हे. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा चोथट गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून फार पूर्वीच झाडे उभी केली होती. आमच्याकडे प्रेसमड सहज मिळत नाही, म्हणून आम्ही शेणखतावर भागवतो.

सीताफळाविषयी मला अजून प्रश्न विचारले जातात. ते शेळ्या खात नाहीत, खडकात तगते आणि फळही देते, पण ते मूळचे अमेरिकेतले आहे. म्हणून गावालगतच्या पट्ट्यात लोकांनी मागितले तर लावतो आणि 'स्थानिक' झाडांत मोजत नाही. विलायती बाभळीबाबत मात्र तडजोड नाही. ती ढिगारा लवकर हिरवा करते खरी, परंतु तिच्या दाट झुडपाखाली गवत वाढत नाही.

व्यवसाय म्हणून हे सगळे बरीच वर्षे तोट्यातच चालले. निविदा रोपांची संख्या मोजतात. गवत मोजता येत नाही, त्यामुळे त्याला दर नसतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर ती जमीन पुन्हा गवताखाली आणून चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांना घालण्याचा आदेश दिला. त्यातला चारा हा शब्द दाखवून आम्ही गवताच्या कामासाठी वेगळा दर मागू लागलो. तो प्रत्येक ठिकाणी मिळतो असे नाही. आमची स्वतःची अट मात्र आता ठरलेली आहे: शेवटचा हप्ता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, मेअखेरच्या मोजणीवर घ्यायचा, आणि त्या आधी दरवर्षी पावसाळ्यात नांग्या भरून द्यायच्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची. या अटीमुळे दोन मोठी कामे हातची गेली. बँकेच्या व्यवस्थापकांना ही अट समजावताना तर मला स्वतःलाच ती वेडेपणाची वाटू लागली होती.

सर्वांत मोठी अडचण अजूनही वरच्या मातीचीच आहे. ती वेगळी काढून कमी उंचीच्या ढिगात ठेवली आणि लवकर पसरली, तर तिच्यातले बी आणि जीवजंतू जिवंत राहतात. एका खाणीवर आम्हाला दाखवलेली राखीव माती उंच ढीग करून वर्षानुवर्षे पडलेली होती, आणि खालच्या थरातली माती नाकाशी धरली तर आंबूस वास येत होता. ती आम्ही वापरली, पण शेणखत दुप्पट घालावे लागले आणि तो खर्च आमच्याच पदरी पडला.

ढिगाऱ्यावर तीन वर्षे चराईबंदी असते, पण बी झडल्यानंतर गवत कापून न्यायला आम्ही मोकळीक ठेवतो. त्यामुळे राखणीला वेगळा माणूस लागत नाही आणि आग लागण्याची भीतीही कमी होते. गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच दोन गावांत कुणी कुठल्या बाजूचे कापायचे यावरून वाद झाला आणि तो मिटवायला मला दोन्ही ग्रामपंचायतींत बसावे लागले. आमच्या नोंदवहीत 'लावलेली' आणि 'जगलेली' असे दोनच रकाने होते. आता 'कापलेले भारे' हा तिसरा रकानाही आखला आहे.