बाहीओत वित्तविषयक बैठकीसाठी जपानी–स्पॅनिश दुभाषी: कुठे शोधावा, कुठे फसगत होते

मेक्सिकोच्या बाहीओ पट्ट्यात, म्हणजे सालामांका, सेलाया, आग्वासकालिएन्तेस या भागात माझदा, होंडा आणि निस्सान यांचे मोठे कारखाने असल्यामुळे जपानी–स्पॅनिश दुभाषी तिथे सहज मिळतो. मात्र ताळेबंद समजणारा दुभाषी सहज मिळत नाही. जपानी भागीदारासोबत तिकडे जाणाऱ्या पुण्याच्या सुट्या भागांच्या कंपन्यांसाठी हे लिहीत आहे. व्हिसा, विमान, हॉटेल यांची व्यवस्था तुम्हाला जमतेच, असे गृहीत धरतो.

आम्ही मेक्सिको सिटीतील एका संस्थेमार्फत ‘वित्त-विशेषज्ञ’ दुभाषी घेतली आणि त्यासाठी वाढीव दर मोजला. आलेल्या बाईंचा सारा अनुभव प्रेस शॉप (पत्रा दाबून भाग बनवणारा विभाग) आणि गुणवत्ता तपासणीचा होता. कारखान्याच्या फेरीत त्यांनी उत्तम काम केले, परंतु दुपारी कर्जाचा विषय निघाला आणि गाडी अडली. जपानी संचालकांनी साडेतीन ओकु येन म्हटले, म्हणजे आपल्या हिशेबाने पस्तीस कोटी. स्पॅनिशमध्ये गेले पस्तीस दशलक्ष, म्हणजे साडेतीन कोटी. समोरच्या लेखाधिकाऱ्याने तोच आकडा वहीत लिहून त्याखाली रेघ ओढली. मला कामापुरती जपानी येते आणि स्पॅनिश आकडे कळतात, म्हणून मी तिथल्या तिथे थांबवले. पुढे कामगारांना करपात्र नफ्यातील १० टक्के वाटा देण्याच्या मेक्सिकन कायद्याचा मुद्दा आला, तेव्हा बाईंनी तो ‘बोनस’ म्हणून सांगितला आणि संचालकांना ती ऐच्छिक रक्कम वाटली. या चुकांचा दोष त्या बाईंना देणे अन्यायाचे होईल. त्यांना या कामावर पाठवणाऱ्यांनी आमची उघड फसवणूक केली.

बिल आले तेव्हा प्रवासाचा दिवस पूर्ण दराने लावलेला होता, जादा तासांचा दर कोटेशनमध्ये कुठेच नव्हता आणि या सगळ्यावर १६ टक्के मूल्यवर्धित कर होता. कर भरावाच लागतो, पण बाकीच्या गोष्टी आधी लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

माझे स्पष्ट मत असे की, राजधानीतून माणूस मागवू नये. त्याच पट्ट्यातील लेओन किंवा सेलाया शहरात राहणारा, एखाद्या जपानी कंपनीच्या लेखा विभागात काम केलेला माणूस शोधावा, आणि तो मिळवण्यासाठी तिथल्या जपानी कंपनीच्या लेखापरीक्षकांना विचारावे. त्यांच्याकडची नावे रोज आकड्यांत वावरणाऱ्यांची असतात. दुसऱ्या बैठकीला आम्हाला असाच माणूस मिळाला आणि काम सुरळीत झाले. नेमणुकीपूर्वी व्हिडिओ कॉलवर नफा-तोटा पत्रकाचे एक पान दोन्ही भाषांत बोलून दाखवायला सांगा, आणि मोठे आकडे मुद्दाम वाचून घ्या. आर्थिक पत्रके गोपनीयतेच्या करारासह आठवडाभर आधी पाठवा. प्रत्येक आकडा पडद्यावर अंकांत दिसू द्या. बोलण्यासोबतच भाषांतर हवे असेल तर दोन दुभाषी घ्या, कारण वीस-तीस मिनिटांनंतर एकट्याचे लक्ष टिकत नाही. एकावर भागेल असे सांगणाऱ्या संस्थेला तिथेच नकार द्या.

मुखत्यारपत्रावर नोटरीसमोर सही करायची असेल तर बैठकीचा दुभाषी चालेल असे धरून चालू नका. तिथला नोटरी ज्येष्ठ वकील असतो आणि स्पॅनिश न येणाऱ्या व्यक्तीसोबत तो सहसा अधिकृत भाषांतरकार मागतो. त्याला कोणाचा शिक्का मान्य आहे, हे त्याच्याच कार्यालयातून विचारून घ्या आणि जपानी संचालकांचे परतीचे तिकीट त्यानंतरच काढा.