निशाणी क्रमांक 3

ज्या घरात सगळं सुरळीत पार पडलं, त्या घराबद्दल कागद फार बोलत नाहीत. जन्म, लग्न, मृत्यू, दर दहा वर्षांनी खानेसुमारीतली एक ओळ, की संपलं. कुणी कर्ज बुडवलं, कुणी भिकेला लागलं, कुणाला दिवस गेले आणि बाप हात झटकून मोकळा झाला, की मात्र पाद्री, कारकून, वकील सगळे लेखण्या सरसावून बसतात. एडिंबऱ्यात मी लोकांची जुनी घराणी शोधून देण्याचं काम करते. गिऱ्हाइकांना बहुतेक वेळा हवा असतो एखादा क्लॅन म्हणजे कुळ, त्याच्या नावाचा टार्टन म्हणजे चौकड्यांचं कापड, आणि जमलंच तर एक पडका किल्ला. (अमुक आडनावाला तमुक चौकडा, ही जोडी बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे, हे मी पहिल्याच भेटीत सांगत नाही. धंदा आहे शेवटी.)

न्यूझीलंडच्या डनीडनहून आलेल्या त्या गृहस्थांना टार्टन नको होता. पंचाहत्तरी ओलांडलेले, बोलायला मोजके, बरोबर मुलगी. त्यांच्याकडे दोन फोटो होते आणि एक गोष्ट. गोष्ट अशी, की त्यांचे पणजोबा टे पुलाच्या अपघातात गेले. 28 डिसेंबर 1879, रविवारची संध्याकाळ, तुफान वारा. डंडीजवळ टे नदीवरचा रेल्वेचा पूल मधोमध कोसळला आणि त्यावरची गाडी अख्खी पाण्यात गेली. कुणीही वाचलं नाही. गाडीचं इंजिन नंतर नदीतून काढून दुरुस्त केलं, ते पुन्हा रुळावर धावलं, आणि कामगारांनी त्याचं नाव ‘डायव्हर’, म्हणजे पाणबुड्या, ठेवलं. माणसांचा हिशेब मात्र तसा लागला नाही. पूर्वी 75 जण गेले असं धरत. नावानिशी निश्चित झाले ते 59. मधल्या या फरकात कितीतरी घरांचे पणजोबा सोयीस्करपणे बसवता येतात.

पणजोबांच्या मृत्यूनंतर 1880 साली आजोबा जन्मले आणि ऐन विशीत न्यूझीलंडला आले, असं घरात सगळ्यांना पाठ. आजोबांच्या तिकडच्या लग्नाच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, ‘मयत’ असा शेराही होता. फक्त त्या बापाचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव एकच होतं. असं दिसलं की मी पेन्सिलीनं बारीक टिंब करून ठेवते.

मग फोटो पाहिले. पहिला कॅबिनेट कार्ड, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडा मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. हा आकार 1866 च्या सुमाराला आला. पण गडद हिरवा पुठ्ठा आणि उतरत्या सोनेरी कडा 1880 नंतरच्या. खुर्चीशेजारी उभी बाई, अंगात साधा गडद झगा. बाही हाताला घट्ट, पण खांद्याशी टोकासारखी वर उचललेली. ही फॅशन 1890 च्या अलीकडे-पलीकडे दोनेक वर्षं टिकली. पुढं बाह्या फुगत फुगत पार फुग्यासारख्या झाल्या. गिरणीतल्या बाईचा एकच चांगला झगा असेल तर तो जुना असू शकतो, हे खरं. पण नवी फॅशन येण्याआधीच ती अंगावर कशी येईल? शेजारचा मुलगा फार तर पाच वर्षांचा. म्हणजे जन्म 1885 च्या आसपास. पूल पडला 1879 ला. बाहीवरून मी कुणाचा बाप हिरावून घेत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसले.

दुसरा फोटो लहान, व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचा. पिळदार तरुण, हातात टोपी, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. हा कोण ते माहीत नव्हतं. घरात त्याला ‘पेइंग गेस्ट’ म्हणत, का ते कुणालाच ठाऊक नाही. मागं डंडीच्या स्टुडिओचा छापील शिक्का आणि त्याखाली वेगळ्याच, करड्या पडलेल्या शाईत ‘3’ आणि दोन अक्षरी सही. स्टुडिओवाले काचेच्या निगेटिव्हचा क्रमांक घालतात तो बहुधा शिक्क्याच्या ओळीतच असतो. हा तसा नव्हता.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला, वेलिंग्टनच्या घोड्यावरच्या पुतळ्यामागं रजिस्टर हाऊस आहे. स्कॉटलंडमध्ये सक्तीची सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली, आणि ती आमच्या धंद्याला वरदान आहे. शेजारच्या इमारतीत घुमटाखाली अजून ते खंड उभे आहेत: जन्माचे लाल, मृत्यूचे काळे, लग्नाचे हिरवे. आता आपण पडद्यावर पाहतो, पण नवं गिऱ्हाईक आलं की मी तो घुमट दाखवतेच. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बाप, आजा, पणजा धडाधड सापडतात आणि बायका चिमट्यानं शोधाव्या लागतात. इथं बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही कागदावर राहतं, मृत्यूच्या दाखल्यात तिच्या आईचंही माहेरचं नाव येतं, आणि पुष्कळदा थडग्याच्या दगडावरही तेच असतं. पणजीचा माग काढायला म्हणून फार वेळ लागला नाही.

1880 ला तो मुलगा नव्हताच. 1885 ला होता. डंडीचा लॉकी भाग, तागाच्या गिरण्यांचा. आई ‘यंत्रमागावर विणकर’, वय एकवीस. मुलाच्या नावाखाली ‘अनौरस’ असा स्वच्छ शेरा, बापाचा रकाना कोरा. कायदाच तसा होता: लग्न झालेलं नसेल तर बापानं स्वतः येऊन बरोबर सही केल्याशिवाय त्याचं नाव घालता येत नसे. खाली तिची एकटीची सही, अक्षर जाड आणि ओळीच्या बाहेर गेलेलं. आणि डावीकडे समासात, नंतर कुणीतरी लिहिलेलं: दुरुस्तीच्या रजिस्टरचा खंड, पान, तारीख.

समासातली ती एक ओळ दिसली की मी खुर्ची पुढं ओढते. मूळ नोंद खोडायची नाही, दुरुस्ती वेगळ्या रजिस्टरात लिहायची आणि समासात तिचा पत्ता द्यायचा, अशी इथली पद्धत. तिथं होता कुपर शहरातल्या फाइफ परगण्याच्या शेरीफ कोर्टाचा निकाल: सदर मूल या दोघांचंच आहे. प्रतिवादीचा धंदा रिव्हेट, म्हणजे लोखंडी पत्रे जोडणारे खिळे, ठोकणारा. पत्ता वर्मिट.

वर्मिट म्हणजे टे पुलाचं दक्षिण टोक. पूल होईपर्यंत तिथं गाव म्हणावं असं फारसं काही नव्हतंच. 1885 साली वर्मिटला राहणारा रिव्हेटवाला दुसरं काय करत असणार? पडलेल्या पुलाशेजारी नवा पूल उभा राहत होता, 1883 ते 1887. पणजोबा पुलावरून पडले नव्हते. पूल बांधत होते.

दाव्याचा मूळ जुडगा शिल्लक असेल अशी मला फार आशा नव्हती. असले किरकोळ दावे बरेचसे रद्दीत गेले. पण तो निघाला. कागद मागवला आणि बापलेकींना वाचनालयाचं ओळखपत्र काढायला लावलं. तिघं एका टेबलाशी बसलो, हातात फक्त पेन्सिली, शाईला तिथं बंदी. फीत सोडली तसा काजळीचा बारीक थर टेबलावर पडला.

आधी तिचा दावा: बाळंतपणाचा खर्च दोन पौंड आणि वर्षाला सात पौंड पोटगी. गरिबांसाठी फी न घेता वकील नेमून द्यायची सोय स्कॉटलंडमध्ये फार जुनी आहे, तीतूनच तिला वकील मिळालेला. मग त्याची कैफियत, चार ओळींची: मी या बाईला ओळखत नाही. इथं तिची खरी पंचाईत होती. स्कॉटिश कायद्यात नुसता तिचा शब्द पुरत नव्हता, त्याला दुसरा आधार लागे. पूल पडलेला, म्हणून ही तान्ह्या पोराला घेऊन होडीनं नदी ओलांडून कुपरला गेली असणार. आणि बरोबर मागाशेजारची मैत्रीण. मैत्रिणीची साक्ष दीड पान आहे. तो शनिवारी पलीकडून होडीनं यायचा, एकदा त्यानं तिला आपला फोटो दिला, आणि तो आम्ही जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी पाहिला, असं तिनं शपथेवर सांगितलंय. त्या ‘सगळ्यांनी’वर मुलगी मोठ्यानं हसली. टेबलापलीकडच्या बाईंनी मान वर करून पाहिलं.

सगळ्यात खाली निशाण्यांची, म्हणजे पुराव्यादाखल दिलेल्या वस्तूंची, यादी. 1 आणि 2 पत्रं. 3, प्रतिवादीचा फोटो. शेजारी कारकुनाची दोन अक्षरी सही आणि निकालानंतर तिन्ही वस्तू वादीच्या वकिलानं परत नेल्याची पोच.

मी काही म्हणायच्या आत म्हाताऱ्यांनी खिशातला लिफाफा काढला, फोटो उलटा केला आणि यादीशेजारी ठेवला. तोच ‘3’. त्याच सहीतला तोच मागं वळलेला शेपटा. मी भिंग घेऊन दोन्ही पुन्हा पाहिले. गरज नव्हती, पण हात थांबेना.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, “पैसे दिले का त्यानं?” मला वाटलं होतं ते आईबापाबद्दल, लाजेबद्दल, निदान घरातल्या गोष्टीबद्दल काहीतरी विचारतील. ते आयुष्यभर बँकेत होते, हे त्यांच्या मुलीनं नंतर सांगितलं. दिले नव्हते. पुढच्याच वर्षीचा एक कागद जुडग्यात होता, त्याच्या पगारावर जप्तीचा. त्यानंतर काही नाही.

1891 च्या खानेसुमारीत ती आईबरोबर लॉकीतच राहते, मुलगा शाळेत जातो, आणि तिच्या नावापुढं ‘विधवा’ लिहिलंय. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, तिनं सांगितलं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र ती ‘अविवाहित’ आहे. तो दाखला तिच्या भावानं दिला, आणि भाऊ लोक असल्या बाबतीत फार काटेकोर असतात. पुलावरचा अपघात गोष्टीत कुणी आणला, तिनं की पोरानं की न्यूझीलंडच्या कुणी, ते कागदांवरून सांगता येत नाही, आणि मी अहवालात तसंच लिहिलं.

बापलेकींना आता रिव्हेटवाला हवाय. त्यांना स्पष्ट सांगितलं, की नाव आणि आडनाव इतकं सर्रास आहे की खानेसुमारीत डझनांनी निघतील. त्यातल्या त्यात एक धागा आहे. टे पुलाचे कंत्राटदार विल्यम ऍरल हेच फोर्थ पुलाच्याही कामात होते, तो 1890 ला झाला, आणि रिव्हेटवाले कामामागं फिरत. पगाराची जप्ती चुकवायची तर माणूस नदी सोडून दुसऱ्या नदीवर जाईल. म्हणून फोर्थ पुलाशेजारच्या क्वीन्सफेरीपासून सुरुवात केलीय: भाड्याच्या खोल्या, मृत्यूचे दाखले, दारू पिऊन दंगा केल्याचे दंड. दंडांवर माझी जास्त भिस्त आहे. अंदाजपत्रक पाठवलं, ते त्यांनी एका ओळीत मंजूर केलं, आणि खाली विचारलं, की सात पौंडांवर दीडशे वर्षांचं व्याज किती होईल.