अडीच सेंटिमीटर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि आधी आठवल्या त्या बाई. आमच्या तुकडीत नुसतं 'बाई' म्हटलं की भौतिकशास्त्राच्याच.

नववीत प्रकल्पासाठी आम्ही दोघांनी 'लंबकाचा सखोल अभ्यास' असं लिहून नेलं. बाई म्हणाल्या, "हा विषय झाला. प्रश्न कुठाय?" तीनदा कागद परत आला, तेव्हा कुठे एका ओळीवर आलो: लांबी बदलली की दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, कसा बदलतो? मग गोळा तोच, कोन १० अंशांच्या आत, दर लांबीला २० आंदोलनं, तीन-तीनदा. 'एक' म्हणत घड्याळ सुरू केलं तर २० ची १९च होतात, म्हणून 'शून्य'पासून मोजायची सवय बाईंनी लावली. वहीत फक्त शाई. चुकलं तर वरून एकच रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढला. बिंदू छान सरळ रेषेत आले, पण रेषा काही आरंभबिंदूतून जाईना. पुस्तकात तर जाते! दुसऱ्या दिवशी प्रकल्प द्यायचा होता. मी पट्टी जराशी तिरकी धरली आणि रेघ शून्यातून ओढली.

बाई रागावल्या नाहीत. नवा आलेख कागद पुढे सरकवला. "बिंदू नेतील तिकडे जाऊ दे. आडव्या अक्षाला कुठे भेटते ते बघ." शून्याच्या डावीकडे, साधारण २.५ सेंटिमीटरवर. त्यांनी बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर हातात दिला. गोळ्याचा व्यास भरला ५ सेंटिमीटर. आम्ही लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली होती, मोजायची असते ती मध्यापर्यंत! रेषेचा चढ मात्र त्यानं बदलत नाही, म्हणून त्या चढावरून काढलेलं गुरुत्वत्वरण ९.८ च्या जवळच आलं. माझ्या तिरक्या रेघेनं नेमकं तेच बिघडवलं होतं.

मोजमापाची उपकरणं तपासण्यात माझी सारी नोकरी गेली, ती त्या एका दुपारच्या बळावर. आता शालेय प्रकल्पांचं परीक्षण करायला बोलावतात. तक्ते सुंदर असतात, निष्कर्ष छापील. कच्ची वही मागितली की मुलं गोंधळून बघतात, कारण ती ठेवायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. फार वाईट वाटतं.

माझी वही अजून आहे. ती तिरकी रेघ बाईंनी फाडू दिली नाही. नवा आलेख तिच्या शेजारच्या पानावर चिकटवायला लावला. दोन्हींवर त्यांची सही आहे.